पडदा बाजूला झाल्यावर: स्वतंत्र चित्रपटाच्या पार्श्वसंगीताचा अल्बम कसा बांधायचा

चित्रपटाचं अखेरचं मिक्स, म्हणजे संवाद, संगीत आणि इतर आवाजांची जुळणी, पार पडतं, सगळे आपापल्या पुढच्या कामाला लागतात आणि संगीतकाराच्या हार्ड डिस्कवर ४०-५० क्यू, म्हणजे एकेका प्रसंगासाठी केलेले संगीताचे तुकडे, तसेच पडून राहतात. मग कुणीतरी म्हणतं, "यांचा अल्बम काढून टाक की." काढून टाकणं खरंच सोपं आहे. फाइल्स ओळीने लावायच्या आणि चढवायच्या. असे अल्बम ऐकताना मला मनापासून वाईट वाटतं, कारण सुंदर सुरावटी ११ आणि १७ सेकंदांच्या तुकड्यांत विखुरलेल्या असतात. जरा कान लागतो तोवर तुकडा संपतो.

प्रसंगाला टेकून लिहिलेलं संगीत प्रसंग काढून घेतला की अधांतरी होतं. त्याला पुन्हा स्वतःच्या पायांवर उभं करायचं, एवढंच अल्बमचं काम. त्यासाठी हाताशी दोन महिने तरी ठेवा. मोठी कंपनी पाठीशी नसली की कागदपत्रांपासून मुखपृष्ठापर्यंत सगळं तुम्हालाच बघावं लागतं आणि त्यातलं बरंचसं दुसऱ्यांच्या उत्तराची वाट बघण्यात जातं.

आधी कागद, मग सूर

ध्वनिमुद्रित संगीतात दोन वेगळे हक्क असतात. एक रचनेचा, म्हणजे लिहिलेल्या सुरावटीचा. दुसरा त्या मुद्रणाचा, ज्याला व्यवहारात मास्टर म्हणतात. संगीतकाराचा करार काढा आणि दोन्हींची मालकी कुणाकडे आहे ते स्वतः वाचा, कुणाच्या आठवणीवर विसंबू नका. छोट्या चित्रपटांत दोन्ही हक्क निर्मात्याकडे गेलेले असू शकतात. कधी दोन्ही संगीतकाराकडे राहतात आणि निर्मात्याला फक्त चित्रपटापुरती परवानगी असते, तर कधी रचना एकाची आणि मास्टर दुसऱ्याचं अशी वाटणी असते. आणि पुष्कळदा करारच नसतो, चार ईमेल असतात. तसं असेल तर आत्ताच, सगळ्यांचे संबंध चांगले असताना, एका पानाचं पत्र करून सह्या घ्या. अल्बम कोण काढणार, खर्च कोण करणार आणि तो आधी वसूल होणार का, उरलेल्या पैशाची वाटणी कशी, चित्रपटाचं नाव आणि पोस्टर वापरायला परवानगी आहे का, पुढे कुणी हे संगीत जाहिरातीसाठी मागितलं तर होकार कुणाचा, एवढं त्यात आलं की पुरे.

वादकांचं मी एकदा गृहीत धरलं होतं. मास्टरिंग, म्हणजे सगळ्या ट्रॅकच्या आवाजावरचा अखेरचा हात, झालं, मुखपृष्ठ तयार झालं आणि तेव्हा लक्षात आलं की व्हायोलिनवादकाने सही केलेल्या कागदावर "केवळ चित्रपटातील वापरासाठी" असं स्वच्छ लिहिलेलं होतं. त्याची काहीच चूक नव्हती. ठरलेला मोबदला त्या एका वापराचा होता. नवा मोबदला ठरून सही होईपर्यंत प्रदर्शनाची तारीख हातची गेली. तेव्हापासून मी वादक आणि गायकांची यादी करतो आणि प्रत्येकाच्या नावापुढे लेखी होकार आला की मगच खूण करतो.

चित्रपटात दुसऱ्या कुणाचं तयार गाणं परवानगी घेऊन वापरलं असेल, तर ती परवानगी बहुधा चित्राबरोबर वाजवण्यापुरतीच असते. अल्बमसाठी वेगळी मागावी लागते. मिळाली नाही किंवा परवडली नाही, तर ते गाणं सोडून द्या. तसंच सॅम्पल लायब्ररीतले, म्हणजे विकत मिळणाऱ्या आवाजांच्या संग्रहातले, तयार लूप (पुन्हा पुन्हा वाजणारे छोटे तुकडे) वापरले असतील तर त्यांच्या अटी वाचा. इतर वाद्यांत मिसळून वापरायला सहसा हरकत नसते, पण नुसता तो लूप उघडा वाजत असेल तर अडचण येऊ शकते.

फाइल्स कुठून घ्यायच्या

चित्रपटाच्या अखेरच्या मिक्समधलं संगीत घेऊ नका. तिथे संवादाखाली संगीत दाबलेलं असतं, आवाजाच्या आड येणारा मधला पट्टा कापलेला असतो, संकलकाने ऐन वेळी चार मात्रा उडवलेल्या असतात. संगीतकाराच्या मूळ सेशनकडे, म्हणजे प्रत्येक वाद्याचं मुद्रण वेगळं असलेल्या कामाच्या फाइलकडे, परत जा. तिथलं स्टीरिओ मिक्स आणि स्टेम्स, म्हणजे तंतुवाद्यं, तालवाद्यं, पियानो, सिंथ असे वेगवेगळे गट, दोन्ही काढून घ्या. संगीत फक्त ५.१ मध्ये, म्हणजे चित्रगृहाच्या सहा वाहिन्यांत, मिक्स झालं असेल तर यंत्राकडून आपोआप स्टीरिओ करून घेण्याचा मोह टाळा. अशा रूपांतरात खोल आवाजाची एलएफई वाहिनी बहुधा गाळली जाते आणि मोठ्या ढोलाचा दणका कुठे गेला ते कळत नाही. स्टेम्स घेऊन स्टीरिओ नव्याने मिक्स करा.

चित्रपटाचं काम ४८ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने घेत, चालतं, सीडीचं ४४.१ वर. एखादी फाइल नीट रूपांतर न होता चुकीच्या दराने उघडली गेली, तर ती जवळजवळ दीड सेमीटोन (अर्धस्वर) खाली उतरते आणि मिनिटाला १२० मात्रांची लय ११० वर येते. संथ, उदास क्यूमध्ये हे चटकन कानाला कळतही नाही, उलट बरंच वाटतं. म्हणून प्रत्येक फाइलची लांबी मूळ सेशनशी ताडून बघा. कामाच्या सगळ्या आवृत्त्या २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवरच ठेवा आणि रूपांतर अगदी शेवटी, एकदाच करा.

आता एक तक्ता करा. क्यूंना सहसा "१एम१", "३एम४" असे क्रमांक असतात. पहिला आकडा रीळाचा, दुसरा त्या रीळातल्या क्यूचा. त्या क्रमांकापुढे लांबी, स्वरपट्टी, लय, मुख्य वाद्यं, कोणती धून आहे आणि कोण वाजवतंय हे लिहा. पुढच्या जोडकामात हा तक्ता सतत उघडा राहतो, त्यामुळे तो करायचा कंटाळा करू नका. चित्रपटात न वापरलेले क्यू आणि पर्यायी आवृत्त्याही त्यात घाला. दिग्दर्शकाने "जरा जास्त होतंय" म्हणून बाजूला ठेवलेला क्यू अल्बममध्ये पुष्कळदा सर्वांत भरीव ठरतो, कारण तो कुणाला वाट देण्यासाठी मागे सरलेला नसतो.

चित्र विसरून ऐकणं

आठवडाभर चित्रपट बघू नका. मग सगळे क्यू फोनवर घ्या आणि चालताना, स्वयंपाक करताना, प्रवासात ऐका. डोळ्यांसमोर प्रसंग उभा राहतोय म्हणून क्यू आवडतोय, की ऐकायला खरंच काही आहे? ज्याने चित्रपट पाहिलेला नाही अशा एका जाणत्या कानाला बरोबर घ्या. तो ज्या क्षणी फोनकडे बघू लागतो त्या क्षणाची वेळ लिहून ठेवा.

ताण वाढवणारा एकसुरी गुंजारव, दचकवणारे सहा सेकंदांचे फटके, दोन दृश्यांमधले सांधे यातलं बरंच गळेल. गळू द्या. ७० मिनिटांच्या पार्श्वसंगीतातून ३५ ते ४० मिनिटांचा अल्बम निघाला तर मी त्याला चांगला ऐवज मानतो. तीच मुख्य धून सात प्रसंगांत आली असेल, तर चित्रपटात ती प्रत्येक वेळी नवी वाटते, कारण पात्र बदललेलं असतं. अल्बममध्ये तीन रूपं पुरतात: साधं, मोडकळलेलं आणि पूर्ण भरलेलं.

सीडीवर ८० मिनिटांपर्यंत मावतं. विनाइलच्या एका बाजूला मात्र २० मिनिटांच्या आसपास थांबलेलं बरं, त्याहून जास्त कोंबलं की आवाज बारीक होतो. तबकडीच्या मध्याकडे जाताना तीव्र स्वर खरखरू लागतात, म्हणून विनाइल काढायचं असेल तर प्रत्येक बाजूच्या शेवटी शांत, मऊ ट्रॅक ठेवा.

दोन क्यूंचा एक ट्रॅक

खरं काम इथे आहे, आणि मला सर्वांत प्रिय असलेलंही हेच. ते एका उदाहरणाने दाखवतो.

३एम२ हा ४८ सेकंदांचा क्यू. एकटा चेलो, डी मायनर, लय ६६. शेवटी तो ए या स्वरावर थांबतो आणि दार बंद होताच तोडला जातो. ३एम४ आहे १ मिनिट १२ सेकंदांचा. पियानो, एफ मेजर, लय ७२, सुरुवातीला दोन मात्रा शांतता. चित्रपटात या दोन्हींमध्ये सहा मिनिटांचं अंतर आहे. वेगवेगळे ठेवले तर दोन्ही अपुरे वाटतात.

तक्त्यात बघितलं तर डी मायनर आणि एफ मेजर हे एकमेकांचे सख्खे शेजारी, दोघांचे स्वर तेच. चेलो ज्या ए स्वरावर थांबतो तो एफ मेजरच्या मूळ त्रिस्वरातलाच आहे. म्हणजे पूल आधीच बांधलेला आहे, फक्त तो मध्येच कापला गेलाय. सेशन उघडून आधी तो काप काढायचा. वादकाने स्वर बहुतेक वेळा दृश्यापेक्षा लांब धरलेला असतो, त्यामुळे मुद्रणात पुढचे चार सेकंद सापडतात. ते रिव्हर्बसह, म्हणजे खोलीच्या घुमाऱ्यासह, पूर्ण विरू द्यायचे. मग पियानोच्या सुरुवातीच्या दोन मात्रांची शांतता काढून, चेलोचा ए अजून कानात असतानाच, साधारण पन्नासाव्या सेकंदाला पियानोचा पहिला स्वर ठेवायचा. हे दोन तयार स्टीरिओ फाइल्सच्या क्रॉसफेडने, म्हणजे एक हळूहळू उतरवत दुसरी चढवून, करू नका. चेलो एका खोलीत आणि पियानो दुसऱ्या खोलीत असल्यासारखं वाटतं आणि सांधा लगेच कळतो. स्टेम्स घेऊन दोन्हींवर एकच रिव्हर्ब लावा. लयी जुळवायच्या भानगडीत पडू नका. चेलोचा शेवटचा स्वर लांब आहे, तिथे ऐकणारा मात्रा मोजत नसतो, त्यामुळे ६६ ची ७२ कधी झाली ते जाणवत नाही. जेमतेम दोन मिनिटांचा ट्रॅक तयार होतो, पण त्याला सुरुवात आहे, वळण आहे आणि शेवट आहे.

स्वरपट्ट्या जुळत नसतील तर दोघांना समान असलेला एखादा स्वर शोधा आणि तो लांबवा. तोही नसेल तर दीड-दोन सेकंदांची प्रामाणिक शांतता चालते. मिडीवर, म्हणजे संगणकाला दिलेल्या स्वरांच्या सूचनांवर, वाजणारे क्यू सेमीटोनभर वर-खाली करता येतात. जिवंत वाद्य ओढून-ताणून दुसऱ्या पट्टीत नेलं तर त्याचा श्वास बिघडतो, म्हणून ते मी करत नाही.

अजून एक जागा नीट तपासा. दृश्याचा काप गाठण्यासाठी संगीतकाराने चार मात्रांच्या चालीत एखादा तीन मात्रांचा आवर्त घुसवलेला असतो. चित्राबरोबर तो बरोबर बसतो, नुसतं ऐकताना पायरी चुकल्यासारखं होतं. चौथी मात्रा परत देऊन बघा. मात्र घाई करू नका. कधी कधी त्या अडखळण्यातच धुनेचं सौंदर्य असतं, आणि ते सरळ केलं की ती सपाट होते. दोन्ही आवृत्त्या करून दुसऱ्या दिवशी ताज्या कानाने ठरवा.

किती जोडायचं याला मर्यादा आहेच. ज्या चार क्यूंचा आपापसात काही संबंध नाही, त्यांची साखळी करून आठ मिनिटांचा ट्रॅक होतो खरा, पण तो ऐकताना वाहिन्या बदलत बसल्यासारखं वाटतं. ज्या ४० सेकंदांच्या क्यूला जोड सापडत नाही आणि जो तरीही जीव लावतो, तो तसाच राहू द्या. एखाद-दुसरा छोटा ट्रॅक मोठ्या दोघांच्या मध्ये छान बसतो. पैशाच्या बाजूने मात्र एवढं ध्यानात असू द्या की स्पॉटिफायवर निदान ३० सेकंद ऐकल्यावरच ते ऐकणं मोजलं जातं.

क्रम आणि नावं

कथेच्या क्रमाने ट्रॅक लावायचं बंधन नाही. चित्रपटाच्या मध्यावरची वीस मिनिटं ताणाची असतील तर त्याच क्रमाने अल्बमही मध्येच गुदमरतो. मी आधी तीन जागा नक्की करतो. पहिला ट्रॅक, ज्यात मुख्य धून दोन-अडीच मिनिटांत स्वच्छ ऐकू यावी. मधला, जिथे वाद्यमेळ पूर्ण बदलतो. आणि शेवटचा, जो बहुधा श्रेयनामावलीचा असतो, कारण तिथेच संगीतकाराला संवादाच्या अडसराशिवाय मोकळं लिहायला मिळालेलं असतं. बाकीचे ट्रॅक यांच्यामध्ये लय, पट्टी आणि वाद्यं बघून बसवायचे. लागोपाठ तीन ट्रॅक पियानोने सुरू होत असतील तर एक हलवा.

नावं देताना शेवट फोडू नका. १९९९ साली "स्टार वॉर्स" मालिकेतल्या "द फँटम मेनेस"चा अल्बम चित्रपटाच्या आधी बाजारात आला आणि एका महत्त्वाच्या पात्राचा अंत ट्रॅकच्या नावातच वाचायला मिळाला. पात्राच्या नावापेक्षा वस्तू, जागा, वेळ यांची नावं जास्त टिकतात. "ओला जिना" वाचून चित्रपट न पाहिलेल्यालाही काहीतरी दिसतं, आणि पाहिलेल्याला सगळं आठवतं.

संवाद घालायचे का, हा प्रश्न दिग्दर्शक हमखास विचारतो. माझं मत, नको. पहिल्यांदा ऐकताना संवाद भिडतो, पाचव्यांदा तो आडवा येतो. शिवाय त्यासाठी नटांची वेगळी परवानगी लागते.

मास्टरिंग

चित्रगृहासाठी मिक्स करताना ऐकण्याची पातळी ८५ डेसिबलच्या प्रमाणावर बांधलेली असते, त्यामुळे पार्श्वसंगीतात कुजबुजीपासून गडगडाटापर्यंत मोठं अंतर असतं. तेच इअरफोनवर ऐकलं की शांत भाग ऐकू येत नाहीत म्हणून माणूस आवाज वाढवतो आणि पुढच्याच मिनिटाला दचकतो. यावर उपाय मिक्समध्ये करावा. शांत जागा हाताने दोन-तीन डेसिबल वर घ्या, सर्वांत मोठ्या जागा थोड्या खाली आणा. सगळ्यावर कॉम्प्रेसर (मोठा आवाज आपोआप दाबणारं साधन) लावून सपाट करू नका, ज्या चढ-उतारासाठी ते लिहिलं गेलं तोच निघून जाईल.

स्पॉटिफाय साधारण उणे १४ एलयूएफएस (कानाला जाणवणारा आवाज मोजायचं एकक) या पातळीवर ट्रॅक आणतं. तो आकडा गाठलाच पाहिजे असं नाही. सगळा अल्बम ओळीने वाजत असेल तेव्हा ते पूर्ण अल्बमला एकच माप लावतं, म्हणजे शांत ट्रॅक शांतच राहतो. तंतुवाद्यं आणि पियानोचं संगीत उणे १८ च्या आसपास मोकळं वाटतं, माझा अल्बम मी तिथेच सोडतो. ट्रू पीक, म्हणजे आवाजाच्या लाटेचं खरं सर्वोच्च टोक, उणे १ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका, कारण पुढे एमपी३ सारख्या स्वरूपात दाबताना टोकं आणखी वर उसळतात. सीडीसाठी १६ बिटची प्रत करताना डिथर, म्हणजे बिट कमी करताना येणारी विकृती झाकणारी अगदी बारीक खरखर, लावा, तेही एकदाच.

दोन ट्रॅकमधली शांतता कानाने ठरवा. दोन सेकंदांचा सरसकट नियम जड ट्रॅकनंतर अपुरा पडतो. आणि दोन ट्रॅक अखंड वाहायचे असतील तर काप आवाजाची लाट शून्यावर असते त्याच बिंदूवर आहे ना ते बघा, नाहीतर टिक ऐकू येते.

आवाजाबरोबर जाणारी माहिती

प्रत्येक ट्रॅकला १२ अक्षर-अंकांचा आयएसआरसी, म्हणजे त्या मुद्रणाचा ओळखक्रमांक, लागतो आणि पूर्ण अल्बमला बारकोड. वितरक, म्हणजे अल्बम ऑनलाइन सेवांवर पोहोचवणारी कंपनी, सहसा दोन्ही देतात. दोन क्यू जोडून केलेला ट्रॅक हे नवं मुद्रण आहे, त्याला जुना क्रमांक चिकटवू नका. संगीतकाराचं नाव कलाकार म्हणून आणि रचनाकार म्हणूनही भरा. रचनाकाराची जागा रिकामी राहिली तर रचनेचा मोबदला वाट चुकतो. शब्द नसलेल्या ट्रॅकला भाषेच्या ठिकाणी वाद्यसंगीत निवडा. वादक, मिक्स करणारा, मास्टरिंग करणारा यांची नावंही भरा, स्पेलिंग त्यांच्याकडून तपासून घेऊन.

चित्रपटाची क्यू शीट म्हणजे कोणता क्यू किती सेकंद वाजला, कुणाचा आहे याची यादी. चित्रपट दूरचित्रवाणीवर दाखवला गेला की हक्कसंस्था त्यावरून पैसे वाटतात. अल्बमची नावं आणि क्यू शीटमधली नावं वेगळी असणारच, म्हणून कोणत्या ट्रॅकमध्ये कोणते क्यू आलेत याची जुळणी एका कागदावर करून ठेवा.

मुखपृष्ठ आणि तारीख

मुखपृष्ठ चौरस, ३००० बाय ३००० पिक्सेल. उभं पोस्टर कापून चौरसात बसवलं की बहुधा डोकी तरी कापली जातात किंवा नाव. एक दृश्य, चित्रपटाचं नाव, संगीतकाराचं नाव एवढंच ठेवा. वेबपत्ता आणि समाजमाध्यमांची चिन्हं असलेली चित्रं दुकानं परत पाठवतात. महोत्सवांत निवड झाल्याची खूण म्हणून पोस्टरवर असणाऱ्या पानांच्या माळाही काढून टाका, फोनच्या पडद्यावर त्या ठिपक्यांसारख्या दिसतात. स्थिरचित्र वापरत असाल तर छायाचित्रकाराची परवानगी घ्या.

वितरकाकडे निदान चार आठवडे आधी फाइल्स द्या. स्वतंत्र चित्रपट महोत्सवात दिसतो आणि लोकांपर्यंत कित्येक महिन्यांनी पोहोचतो. माझा आग्रह असतो की अल्बम त्या दुसऱ्या तारखेला यावा, कारण चित्रपट संपल्यावर घरी जाता जाता लोक संगीत शोधतात. चढवताना यूट्यूबच्या कंटेंट आयडीची, म्हणजे दुसऱ्यांच्या व्हिडिओत तुमचं संगीत आपोआप ओळखून त्यावर दावा लावणाऱ्या यंत्रणेची, खूण विचार करून करा. ती चालू केली की चित्रपटाच्या स्वतःच्या ट्रेलरवर दावा लागू शकतो, म्हणून निर्मात्याची वाहिनी आधी वगळून घ्या. अल्बममध्ये तयार लूप असतील तर ती खूण करूच नका, तोच लूप वापरणाऱ्या दुसऱ्या संगीतकारांवर विनाकारण दावे जातात.

फाइल्स पाठवण्याआधी वितरकाकडे जाणाऱ्या त्याच प्रती, सेशनमधल्या नव्हेत, एकदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत हेडफोनवर ऐका. कागद-पेन्सिल घेऊन, मध्ये न उठता. एका अल्बमच्या सातव्या ट्रॅकच्या शेवटी मला याच बैठकीत खुर्ची करकरल्याचा आवाज सापडला होता. चित्रपटात तो पावलांच्या आवाजाखाली झाकला गेला होता आणि रिव्हर्बची शेपटी मोकळी केल्यावर उघडा पडला. तो काढून ट्रॅक पुन्हा निर्यात केला, नाव तपासलं, लांबी तक्त्याशी ताडली आणि मगच फाइल्स पाठवल्या.